एफसी युनायटेडचा पहिला हंगाम (२००५-०६): इंग्लिश फुटबॉलची दहावी पायरी

नॉर्थवेस्टकर

प्रीमियर लीगच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, "मँचेस्टर युनायटेडमधून फुटून जो क्लब निघाला, त्याचं पुढे काय झालं?" तिथे चार ओळी खरडल्या, पण ट्रान्स्फरच्या गदारोळात त्या वाहून गेल्या. म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पार्श्वभूमी थोडक्यात. मे २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतला. क्लबची किंमत धरली गेली ७९ कोटी पौंडांच्या घरात. त्यातली मोठी रक्कम कर्जाची होती आणि त्या कर्जाचा बराचसा बोजा क्लबच्याच डोक्यावर आला. म्हणजे विकत घेणार एक आणि व्याज भरणार दुसरा. १९९८ मध्ये बीस्कायबी या टीव्ही कंपनीने असाच क्लब घ्यायचा प्रयत्न केला होता, तेव्हा समर्थकांनी रान उठवलं आणि १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार अडवला. यावेळी अडवणारं कोणी नव्हतं. "मग आपणच आपला क्लब काढू" ही १९९८ पासून हवेत असलेली कल्पना काही मंडळींनी खरोखर मनावर घेतली.

नाव सभासदांच्या मतदानाने ठरलं. न्यूटन हीथ युनायटेड, मँचेस्टर सेंट्रल, एएफसी मँचेस्टर १८७८ ही नावंही शर्यतीत होती, निवडलं गेलं एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. एक सभासद, एक मत. दहा पौंड देणारा आणि दहा हजार देणारा मतदानात सारखेच. शर्टावर प्रायोजकाचं नाव येऊ द्यायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. मॅनेजर म्हणून कार्ल मार्जिन्सन आला. छोट्या क्लबांतून खेळलेला माणूस, पोटापाण्यासाठी फळं-भाजी पोचवायची गाडी चालवायचा. निवड चाचणीसाठी शेकडो अर्ज आले, त्यातल्या निवडक लोकांना मैदानावर बोलावलं आणि त्यातून संघ उभा राहिला. मे महिन्यात संताप, ऑगस्टमध्ये पहिली लीग मॅच. इंग्लंडमध्ये स्वयंपाकघराची दुरुस्तीसुद्धा यापेक्षा जास्त वेळ घेते.

आता 'दहावी पायरी' म्हणजे काय? प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, या पहिल्या चार. त्याखालच्या सगळ्याला 'नॉन-लीग' म्हणतात. पाचवीला तेव्हा कॉन्फरन्स म्हणायचे, आता नॅशनल लीग. सहावीपासून उत्तर-दक्षिण अशी विभागणी होते, सातवी-आठवीला या भागात नॉर्दर्न प्रीमियर लीग आणि नववी-दहावीला नॉर्थ वेस्ट काउंटीज लीग. एफसी युनायटेडला जागा मिळाली ती या शेवटच्या लीगच्या डिव्हिजन टूमध्ये. इथले खेळाडू दिवसा कुठे प्लंबर, कुठे शिक्षक. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव, हातात प्रवासखर्च आणि वर थोडेफार पैसे. मॅच शनिवारी दुपारी तीनला, नाहीतर कामावरून सुटून थेट मंगळवारी रात्री.

पहिली मॅच १३ ऑगस्ट २००५, लीक सीएसओबीच्या विरुद्ध. लीक हे स्टॅफर्डशायरमधलं छोटं गाव. यजमानांच्या मैदानात एवढे लोक मावणारच नव्हते, म्हणून मॅच लीक टाउनच्या मैदानावर हलवली. अडीच हजारांवर लोक आले आणि एफसी युनायटेड ५-२ ने जिंकला. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर पॅडिहॅमला ३-२ ने हरवलं. घरचं म्हणजे भाड्याचं: शेजारच्या बरी गावातल्या 'बरी एफसी' या क्लबचं गिग लेन.

आणि इथेच मला या हंगामातली सगळ्यात मजेची गोष्ट दिसते. या लीगमध्ये गेटचे पैसे यजमान क्लबला मिळतात. वर्षभर पन्नास-शंभर प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या क्लबकडे एका शनिवारी अचानक हजार-दोन हजार माणसं तिकीट काढून येणार! काही छोट्या क्लबांनी त्या एका मॅचसाठी मोठं मैदान भाड्याने घेतलं. ब्लॅकपूल मेकॅनिक्सने तर आपली मॅच ब्लॅकपूल एफसीच्या ब्लूमफील्ड रोडवर नेली. पाहुणे जिंकले तरी यजमानांच्या खजिनदाराचा चेहरा खुललेला.

डिसेंबरमध्ये कॅसलटन गेब्रिएल्सविरुद्ध १०-२. त्यात एकट्या सायमन कार्डनचे पाच गोल. पुढे उत्तर आयर्लंडकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला रोरी पॅटरसन याच संघात होता. हंगाम संपला तेव्हा ३६ सामन्यांत २७ विजय, ६ बरोबरी, ३ पराभव, १११ गोल, ८७ गुण आणि विजेतेपद. घरच्या मैदानावर सरासरी तीन हजारांवर प्रेक्षक. चौथ्या पायरीवरच्या काही व्यावसायिक क्लबांना तेवढे मिळत नव्हते.

२२ एप्रिल २००६ ला चषक हातात घ्यायचा होता. समोर ग्रेट हारवूड टाउन. गिग लेनवर ६,०२३ लोक. आणि त्या दिवशी एफसी युनायटेड ०-१ ने हरला! त्याचं कोणाला काही नव्हतं. गाणी तशीच चालू राहिली.

पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन बढत्या मिळाल्या, म्हणजे क्लब आणखी दोन पायऱ्या वर चढला, पण ती वेगळी गोष्ट. मला स्वतःला वाटतं की सुरुवातीचा तो एक हंगाम या क्लबला पुन्हा कधीच जगता आला नाही.

---

डोंबिवली_रेड

लेख झकास. पण मला ही मंडळी कधीच पटली नाहीत. घर जळतंय म्हणून गल्लीत वेगळी चूल मांडायची? आम्ही इकडे रात्री साडेबारा-एकच्या मॅचसाठी डोळे ताणून बसायचो, सकाळी ७:५६ ची फास्ट पकडायचो, आणि ओल्ड ट्रॅफर्डपासून, म्हणजे युनायटेडच्या मैदानापासून, दोन स्टॉपवर राहणारे म्हणणार की आता आम्ही येत नाही. बरं, ग्लेझर गेले का? २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफ आला, त्याचा हिस्सा वर्षभरात जवळपास २९ टक्क्यांवर गेला, मतांचं बहुमत अजून ग्लेझरांकडेच. मग मिळवलं काय?

---

तर्कट

डोंबिवलीकरांच्या भावना समजू शकतो, माझा मुद्दा वेगळा आहे. तीन हजार प्रेक्षकांचा क्लब शंभर प्रेक्षकांच्या क्लबांमध्ये सोडल्यावर तो लीग जिंकणार यात नवल ते काय? पैसा वरच्या लीगमध्ये बोलतो तसाच खालीही बोलतो. प्रीमियर लीगमधल्या विषमतेला कंटाळून निघालेल्या लोकांनी दहाव्या पायरीवर जाऊन तीच विषमता उभी केली, असं कोणी म्हटलं तर काय उत्तर आहे?

---

नॉर्थवेस्टकर

@तर्कट, मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण एएफसी विम्बल्डनकडे बघा. २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन एफसीला दुसऱ्याच शहरात, मिल्टन कीन्सला, हलवायची परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी काढलेला हा क्लब. एफसी युनायटेडवाल्यांना पहिला धीर यांनीच दिला. त्यांच्याकडेही प्रेक्षक तीन हजारांच्या आसपास आणि त्यांच्या लीगमधले बाकीचे किरकोळ. तरी पहिल्या हंगामात ४६ सामन्यांत १११ गुण मिळवूनही ते तिसरे आले! ना बढती, ना चषक. गर्दीने खजिना भरतो, पण समोरच्या संघातल्या, चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या बचावपटूला गर्दीशी देणंघेणं नसतं. उलट आयुष्यात एकदाच दोन हजार लोकांसमोर खेळायला मिळतंय म्हणून तो त्या दिवशी जीव तोडून खेळतो. वर्षभर प्रत्येक प्रतिस्पर्धी तुमच्याविरुद्ध फायनल खेळत असतो.

@डोंबिवली_रेड, ग्लेझरांना हाकलण्यासाठी क्लब काढला असता तर तो फसला असं सरळ म्हणता आलं असतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं इतकंच होतं की माझ्या तिकिटाच्या पैशातून त्या कर्जाचं व्याज जायला नको. आणि 'दोन स्टॉपवर राहणारे' हाच तर दुखरा भाग. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या त्याच स्टँडमध्ये उभ्या राहिल्या, त्यांनी पास परत केले. घराघरांत भांडणं झाली, भाऊ इकडे तर भाऊ तिकडे. काही जण दोन्हीकडे जात राहिले आणि दोन्हीकडून शिव्या खात राहिले.

---

बालेवाडी_ब्लॉक

विम्बल्डनचं वाचून जखमेवरची खपली निघाली. आमची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि लीगमधली तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्याआधी आय-लीगमधला पुणे एफसी गेला होता. बालेवाडीत आम्ही ढोल घेऊन जायचो, गळा बसेपर्यंत ओरडायचो. नवा क्लब काढायचं आमच्या ग्रुपवर कोणाच्या डोक्यातही आलं नाही. काढला असता तरी खेळवला कुठे असता? जिल्हा लीगमधून चढत चढत आयएसएलपर्यंत (इंडियन सुपर लीगपर्यंत) जायची शिडी तेव्हा नव्हतीच. फ्रँचायझी घ्यायची तर कोट्यवधी हवेत.

त्यामुळे मला या गोष्टीत एफसी युनायटेडपेक्षा त्या दहा पायऱ्यांचंच जास्त कौतुक वाटतं. रागावलेल्या माणसाला खालून सुरुवात करायला एक दार उघडं आहे आणि ते दार त्याच इमारतीचं आहे.

---

पेठकर

पुणेकर, शिडी नसली तरी फुटबॉल थांबत नाही बघा. कोल्हापुरात या. शाहू स्टेडियमवर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) मॅचला पाटाकडील विरुद्ध शिवाजी लागली की त्या दिवशी अर्ध्या पेठेची दुकानं अर्ध्या शटरवर असतात. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, सगळ्या टीम तालमी-मंडळांच्या. मालक कोण? पेठ. वर्गणी पेठेची, शिव्या पेठेच्या आणि हरल्यावर कोचला सल्ला पण पेठेचाच. आमच्याकडं हे सगळं कागदावर न लिहिता चालू आहे लई वर्षं.

आता चांगलं तेवढंच सांगत नाही. मॅच सुटल्यावर राडा होतो, पोलिसांना मध्ये पडावं लागतं, पोरांचं नाव खराब होतं. मला सांगा, त्या लीकच्या गावात अडीच हजार पाहुणे आले तेव्हा बंदोबस्त कोणी केला? आणि मॅचला खायला काय मिळतं तिकडं?

---

लीड्सवासी

पेठकरांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणं माझं कर्तव्य आहे :) 'पाय' (pie) मिळतो. म्हणजे मांसाचं सारण भरून भाजलेली गरम पेस्ट्री, वर ग्रेव्ही, बाजूला शिजवून गिचका झालेले हिरवे वाटाणे. थंडीत बोव्हरिल, म्हणजे कपात घातलेला बीफचा अर्क. शाकाहारी असाल तर चिप्स, बहुतेक वेळा चिप्सच.

मी एफसी युनायटेडच्या मैदानावर गेले नाहीये, पण आमच्या घराजवळ आठव्या पायरीवरचा एक क्लब आहे, तिथे लेकीला घेऊन बऱ्याचदा जाते. नवऱ्याला फक्त प्रीमियर लीग लागते, तो घरी. पहिल्यांदा गेले तेव्हा मध्यंतर झालं आणि गोलमागे उभे असलेले सगळे लोक अचानक चालायला लागले. वाटलं संपली की काय मॅच! तर आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्या गोलमागे जाऊन उभं राहायची पद्धत आहे. दुसऱ्या टोकाकडून प्रतिस्पर्धी समर्थक येत असतात, मधे कुंपण नाही, वाटेत एकमेकांना टोमणे मारत दोन्ही घोळके बाजूने निघून जातात. हातात बिअर असते. वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, त्याखाली ती अडचण नाही.

खेळाडू इतके जवळ असतात की बॅकने गोलकीपरला घातलेली शिवी लेकीला स्पष्ट ऐकू येते (मग घरी जाताना अर्थ विचारते). एकदा बॉल शेजारच्या परसात गेला, तिथल्या आजोबांनी तो परत टाकेपर्यंत खेळ थांबला. लाईन्समनला एक बाई सबंध दुपार त्याच्या पहिल्या नावाने झापत होत्या आणि मॅच संपल्यावर क्लबहाऊसमध्ये त्याच बाई सँडविचचं ताट घेऊन त्याच्यासमोर!

---

डोंबिवली_रेड

हे वाचून मात्र जावंसं वाटायला लागलं. ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट काढण्यासाठी मी जे सव्यापसव्य केलंय त्याचा वेगळा धागा होईल.

तरीही प्रश्न उभाच आहे. पुढे काय झालं? नॉर्थवेस्टकर, 'ती वेगळी गोष्ट' म्हणून सुटका नाही.

---

नॉर्थवेस्टकर

@पेठकर, आधी बंदोबस्ताचं. पोलीस असतातच, पण मैदानावरची बहुतेक व्यवस्था स्वयंसेवक बघतात. पिवळी जाकिटं घालून पार्किंग लावणारा, तिकीट फाडणारा, प्रोग्रॅम विकणारा, रॅफलची तिकिटं घेऊन फिरणारा, सगळे फुकट राबणारे. एफसी युनायटेडला तर अशांची कधी वाण पडली नाही. राडा झालाच नाही असं नाही, पण एकूण वातावरण जत्रेचं.

पुढचं सांगतो. २००८ पर्यंत लागोपाठ तीन बढत्या, सातव्या पायरीवर दाखल. तिथे गाडी अडकली. ५ नोव्हेंबर २०१० ला एफए कपमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या पायऱ्यांवरचे क्लब एकत्र खेळतात त्या बाद स्पर्धेत, रॉचडेलच्या मैदानावर मॅच. रॉचडेल तिसऱ्या पायरीवर, हे सातव्या. शुक्रवारची रात्र, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. एफसी युनायटेड २-० ने पुढे, मग २-२. भरपाईच्या वेळेत माइक नॉर्टनने गोलकीपरच्या हातांतून निसटलेला म्हणा, उडवलेला म्हणा, बॉल उचलला आणि जाळ्यात टाकला. रॉचडेलवाले आजही त्याला फाउल म्हणतात. व्हिडिओ बघा आणि आपापलं ठरवा. मला विचाराल तर फाउल होता. पुढच्या फेरीत ब्रायटनला त्यांच्या घरी १-१ असं रोखलं, गोलकीपर सॅम ॲश्टनने शेवटी पेनल्टी अडवली. बरोबरीमुळे मॅच पुन्हा खेळवली गेली, त्यात ०-४ ने हार.

मग २०११, २०१२ आणि २०१३, सलग तीन वर्षं बढतीच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये हार. २०१५ मध्ये अखेर लीग जिंकून सहाव्या पायरीवर. त्याच वर्षी मँचेस्टरच्या मॉस्टन भागात स्वतःचं मैदान, ब्रॉडहर्स्ट पार्क. त्यासाठी समर्थकांनी सामुदायिक शेअर घेऊन २० लाख पौंडांवर रक्कम उभी केली. उद्घाटनाला २९ मे रोजी बेनफिकाचा संघ आला. १९६८ मध्ये याच तारखेला युनायटेडने बेनफिकाला हरवून युरोपियन कप जिंकला होता. घर सोडून निघालेल्यांनी तारीख मात्र जुन्या घरातलीच निवडली!

मैदान झालं आणि भांडणं सुरू झाली. कारभार कसा चाललाय, माहिती का लपवता, यावरून २०१६ मध्ये सभासद आणि संचालक मंडळ यांच्यात चांगलीच जुंपली, संचालक गेले, नवे आले. २०१७ मध्ये मार्जिन्सन बारा वर्षांनी पायउतार झाला. २०१९ मध्ये संघ सहाव्या पायरीवरून घसरून पुन्हा सातव्यावर आला. सभासदांचा क्लब आहे म्हणून सगळं गोडीगुलाबीने चालतं अशी कोणाची समजूत असेल तर आपल्याकडच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा.

---

तर्कट

म्हणजे वीस वर्षांत दहाव्यावरून सातव्यावर. विम्बल्डन २०११ मध्येच चौथ्या पायरीवर पोचला होता. ही तुलना टोचणारी आहे, पण करावीच लागेल. दोघांचं मॉडेल सारखं, फरक का?

---

नॉर्थवेस्टकर

माझ्या मते मोठा फरक हा की विम्बल्डनवाल्यांचा मूळ क्लबच हिरावला गेला होता, त्यामुळे अख्खा समर्थकवर्ग नव्या क्लबच्या मागे उभा राहिला. इथे मूळ क्लब जवळच जोरात चालू होता, २००८ मध्ये युरोपचा विजेता झाला, रोनाल्डो-रूनी खेळत होते. पहिल्या वर्षीचा राग ओसरल्यावर काही लोक गुपचूप परत गेले. शिवाय विम्बल्डनला पहिल्या दिवसापासून आपल्या जागी, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत परतायचं होतं. एफसी युनायटेडला कुठे पोचायचं होतं? यावर सभासदांत एकवाक्यता कधीच नव्हती. काहींना वर चढायचं होतं, काहींना शनिवारी दुपारी मित्रांबरोबर गाणी म्हणायची होती. मी दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे, पण दुसऱ्या गटाच्या जोरावर लीग टू गाठता येत नाही.

---

बालेवाडी_ब्लॉक

अवांतर: गिग लेनच्या मालकांचं काय झालं? बरी एफसी बुडाली ना?

---

नॉर्थवेस्टकर

अवांतर कसलं, तोच खरा उत्तरार्ध आहे. बरी एफसी १८८५ चा क्लब, दोन वेळा एफए कप जिंकलेला. पैशाच्या घोळात ऑगस्ट २०१९ मध्ये फुटबॉल लीगमधून (दुसऱ्या ते चौथ्या पायरीच्या लीगमधून) त्याची हकालपट्टी झाली. समर्थकांनी बरी एएफसी नावाचा नवा क्लब काढला. २०२० मध्ये त्याला जागा कुठे मिळाली असेल? नॉर्थ वेस्ट काउंटीज लीग, दहावी पायरी. पंधरा वर्षांपूर्वी ज्या पायरीवरच्या भाडेकरूला मैदान दिलं होतं, नेमकी तीच.

फरक एवढाच की भाडेकरू स्वतःहून गेले होते, यांना ढकललं गेलं. २०२३ मध्ये समर्थकांचे दोन गट एकत्र आले, नाव पुन्हा बरी एफसी झालं आणि गिग लेनची दारं उघडली. २०२५ मध्ये लीग जिंकून ते आठव्या पायरीवर गेले. नवव्या पायरीवर असतानासुद्धा त्यांच्या मॅचला हजारोंनी लोक यायचे.

---

पेठकर

हे बाकी भारी. बरीवर पण एक धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

---

डोंबिवली_रेड

ऑक्टोबरमध्ये कामानिमित्त मँचेस्टरला दहा दिवस आहे. ओल्ड ट्रॅफर्डचं बघूच, पण मॉस्टनला कसं जायचं ते सांगून ठेवा. पूर्ण माघार घेतलेली नाही, नोंद घ्यावी.

---

नॉर्थवेस्टकर

नोंद घेतली :)

शहरातून रॉचडेलकडे जाणारी ट्राम घ्या आणि 'न्यूटन हीथ अँड मॉस्टन'ला उतरा. हो, तेच न्यूटन हीथ, जिथल्या रेल्वे कामगारांनी १८७८ मध्ये तुमचा क्लब काढला. तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालत. तिकीट आधी काढायची गरज सहसा पडत नाही, मैदानावर मिळतं. शनिवारी तीनची मॅच असेल तर दोनलाच जा, स्टँडखाली मॅचआधी कधी कधी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असतो. भिंतींवरचे हाताने रंगवलेले बॅनर वाचायलाच अर्धा तास लागतो. मंगळवारी असेल तर पावणेआठला सुरू होते, जाड जाकीट न्या.

आणि ऑक्टोबर आहे म्हणून सांगतो: निघण्याआधी सकाळी क्लबची साईट बघा. रात्रभर पाऊस झाला असेल तर रेफरी येऊन मैदान तपासतो, बॉल टाकून तो उसळतो का बघतो, आणि नाही उसळला तर मॅच पुढे ढकलली जाते. तसं झालंच तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आसपास कृत्रिम गवतावर कोणाची तरी मॅच चालू असेलच.